बदलीचा हुकूम हातात, लेकराची शाळा कोणती?

मार्च संपत आला की छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत काळ्या ट्रंकांनी भरलेले ट्रक उतरू लागतात. कुणी जोधपूरहून येतं, कुणी तेजपूरहून, कुणी पठाणकोटहून. क्वार्टरचा नंबर लागायला वेळ लागतो, गॅसची नोंदणी फिरवायला चार चकरा होतात, पण ती कामं थांबू शकतात. लेकराची शाळा थांबू शकत नाही. याच दिवसांत उलटी वाहतूकही चालू असते. नवऱ्याची बदली सीमेवर झाली म्हणून मुलांना घेऊन गावाकडे, कन्नडला नाहीतर अहमदपूरला, परतणारी आई असते. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी संपवून पस्तिशी-चाळिशीत घरी येणारा जवानही असतो आणि त्याची मुलं अजून शाळेतच असतात.

या तिन्ही घरांसाठी नियम आहेत आणि बरेचसे त्यांच्या बाजूचे आहेत. तरीही दर वर्षी काही मुलं जून-जुलै घरी बसून काढतात. आईवडील एकाच शाळेच्या यादीवर डोळे लावून बसतात आणि दुसरीकडे उघडं असलेलं दार त्यांना कुणी दाखवत नाही. म्हणून कुठे हक्क चालतो, कुठे रांग लागते आणि कुठे परीक्षा द्यावी लागते, हे आधी वेगळं करून घेऊ.

हक्काची शाळा आणि रांगेची शाळा

एसटीचं उदाहरण घ्या. तिकीट काढलं की लाल गाडीत चढण्याचा हक्क प्रत्येकाला असतो, पण खिडकीजवळची आरक्षित जागा ज्याच्या नावावर असेल त्यालाच मिळते. शाळांचंही तसंच आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला पहिली ते आठवीचं शिक्षण हक्काचं केलं. जिल्हा परिषदेची, महापालिकेची किंवा छावणी परिषदेची शाळा, तसंच सरकारी अनुदानावर चालणारी खासगी शाळा या हक्काच्या शाळा. बदली होऊन आलेल्या मुलाला अशा शाळेत बदलून जाण्याचा अधिकार याच कायद्याच्या कलम ५ ने दिला आहे, मग ते राज्यातून आलेलं असो वा परराज्यातून. सत्र सुरू होऊन तीन महिने झाले तरी 'आता प्रवेश बंद' असं या शाळांना म्हणता येत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणूनही परत पाठवता येत नाही.

त्याच कलमात एक अपवाद आहे आणि पालकांची फसगत नेमकी तिथे होते. बदलून जाण्याचा हा अधिकार केंद्रीय विद्यालय, नवोदय, सैनिक स्कूल यांसारख्या 'विशेष प्रवर्गातील' शाळांना आणि विनाअनुदानित खासगी शाळांना लागू नाही. तिथे त्यांचे स्वतःचे प्रवेश नियम चालतात. 'मी फौजी आहे, केंद्रीय विद्यालयाने मला जागा दिलीच पाहिजे' हे वाक्य भावनेने कितीही खरं असलं तरी कायद्यात ते तसं लिहिलेलं नाही. तिथे फौजीला रांगेत पुढचा नंबर मिळतो. जागा मिळेलच याची हमी मिळत नाही. एका परिस्थितीत मात्र जवळजवळ हमी मिळते. ती पुढे येतेच.

आणखी एक गोंधळ नावाचा. 'आर्मी पब्लिक स्कूल' मधल्या 'पब्लिक' मुळे ती सरकारी शाळा वाटते. या शाळा लष्कराच्या कल्याणासाठी स्थापन झालेली संस्था चालवते. त्या सीबीएसई या केंद्रीय मंडळाशी संलग्न असतात, फी घेतात आणि प्रत्येक लष्करी ठाण्यात असतातच असं नाही.

केंद्रीय विद्यालयाची रांग कशी लागते

संभाजीनगरचं केंद्रीय विद्यालय छावणीतच आहे. मराठवाड्यात नांदेड, लातूर आणि धाराशिव इथेही केंद्रीय विद्यालयं आहेत. नियम सगळीकडे एकच.

उन्हाळ्यात गावात टँकर येतो तेव्हाची रांग डोळ्यांपुढे आणा. एक रांग नाही, पाच रांगा आहेत असं समजा. पहिल्या रांगेतले सगळे हंडे भरल्याशिवाय दुसऱ्या रांगेकडे नळी वळत नाही. केंद्रीय विद्यालयात पहिल्या रांगेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मुलं असतात. सेवेतले सैनिक यात आले आणि माजी सैनिकांची मुलंही याच रांगेत आहेत. दुसऱ्या रांगेत केंद्राच्या स्वायत्त संस्था आणि सार्वजनिक उपक्रम, तिसऱ्या रांगेत राज्य सरकारचे कर्मचारी, चौथ्यात राज्याच्या स्वायत्त संस्था, पाचव्यात बाकी सगळे. अनुसूचित जाती १५ टक्के, अनुसूचित जमाती ७.५ टक्के, इतर मागासवर्ग २७ टक्के आणि दिव्यांगांसाठी ३ टक्के हे आरक्षण याच्या जोडीला आहेच.

छावणीच्या शाळेत पहिली रांगच लांबलचक असते. मग त्या रांगेतला क्रम कसा ठरतो? गेल्या सात वर्षांत किती बदल्या झाल्या यावर. ज्याच्या बदल्या जास्त, त्याचं मूल पुढे. पण प्रत्येक बदली मोजली जात नाही. नवं ठिकाण जुन्यापासून किमान २० किलोमीटर लांब हवं आणि त्या ठिकाणी किमान सहा महिने मुक्काम झालेला हवा.

हिशेब करून बघू. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी सात वर्षांची खिडकी ३१ मार्च २०२६ पासून मागे मोजायची, म्हणजे १ एप्रिल २०१९ पर्यंत. समजा एक हवालदार ऑगस्ट २०१८ ला जोधपूरला गेले, नोव्हेंबर २०२० मध्ये तेजपूरला, जून २०२३ मध्ये अहिल्यानगरला आणि जुलै २०२५ मध्ये संभाजीनगरला आले. जोधपूरला जाणं खिडकीच्या बाहेर पडलं, ते मोजायचं नाही. उरल्या तीन बदल्या, तिन्ही धरल्या जातील. मधे तीन महिन्यांचा एखादा कोर्स बाहेरगावी झाला असेल तर मुक्काम सहा महिन्यांचा नाही, म्हणून तो सोडून द्यायचा. एकाच ठाण्यात या युनिटमधून त्या युनिटमध्ये गेलं, तर तीही बदली धरत नाहीत, कारण गाव तेच राहिलं.

हा आकडा तोंडी सांगून चालत नाही. युनिटकडून सेवा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यात प्रत्येक ठिकाणी हजर झाल्याची आणि तिथून निघाल्याची तारीख हवी, अधिकाऱ्याची सही हवी, शिक्का हवा. नुसतं 'तीन बदल्या झाल्या आहेत' एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र परत येतं. मग जवान सुट्टीवर, सही करणारे साहेब सरावाला गेलेले, आणि अर्जाची मुदत निघून जाते. हे प्रमाणपत्र फेब्रुवारीतच काढून ठेवा. पहिलीचे अर्ज ऑनलाइन असतात आणि साधारण मार्चमध्ये सुटतात. दुसरीपासून पुढच्या वर्गांत जागा रिकामी असेल तरच नोंदणी होते, तीही एप्रिलच्या सुरुवातीला. त्यासाठी शाळेच्या सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर लक्ष ठेवावं लागतं.

आता ती हमीची परिस्थिती. मूल आधीपासून दुसऱ्या गावच्या केंद्रीय विद्यालयात शिकत असेल आणि आईवडिलांची बदली इथे झाली असेल, तर त्या शाळेचा दाखला घेऊन आलेल्या मुलाला इथल्या केंद्रीय विद्यालयात थेट सामावून घेतात. वर्गाची पटसंख्या भरलेली असली तरी. टँकरच्या रांगेत त्याला उभंच राहावं लागत नाही. म्हणून फौजी घरांना एक सांगणं आहे. मूल पहिलीत असताना, जिथे कुठे ठाणं असेल तिथे, केंद्रीय विद्यालयासाठी मनापासून प्रयत्न करा. तिथला एक प्रवेश पुढच्या सगळ्या बदल्यांमध्ये उपयोगी पडतो.

शौर्यपदक मिळवलेल्यांच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र आणि सेना, नौसेना, वायुसेना पदकधारकांच्या मुलांना मंजूर संख्येच्या वर प्रवेश मिळतो. ही सोय असूनही अनेकांना माहीत नसते. घरात असं पदक असेल तर अर्जाला त्याचा कागद जोडायला विसरू नका.

'खासदारांचं पत्र आणलं तर?'

ही वाट आता नाही. खासदारांच्या शिफारशीवर मिळणारे प्रवेश २०२२ मध्ये बंद झाले. तरी गावात अजून कुणीतरी 'साहेबांचं लेटर देतो' म्हणत पैसे मागतो. देऊ नका.

'मुलाची चाचणी घेऊन मग बघू' असंही काही शाळा सांगतात. पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची छाननी करायला शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ मनाई करतं, आणि ही मनाई खासगी शाळांनाही आहे. पहिल्या वेळी २५ हजार रुपये आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. केंद्रीय विद्यालयातही दुसरी ते आठवीला परीक्षा नसते, प्रवर्गाप्रमाणे यादी लागते. नववीला मात्र बाहेरून येणाऱ्याला १०० गुणांची लेखी परीक्षा आहे. हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र, प्रत्येकी २० गुण, पास व्हायला ३३ टक्के.

सहा वर्षं, पण कोणत्या तारखेला?

हा मुद्दा कुणी आधी सांगत नाही आणि नंतर रडू येतं.

केंद्रीय विद्यालयात पहिलीला मूल ३१ मार्चला सहा वर्षं पूर्ण केलेलं असावं लागतं. महाराष्ट्राच्या शाळांमध्ये हीच तारीख ३१ डिसेंबर धरतात. नऊ महिन्यांचा फरक. १५ ऑगस्ट २०२० ला जन्मलेली मुलगी घ्या. जून २०२६ मध्ये ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत बसू शकते, कारण डिसेंबरपर्यंत तिला सहा पूर्ण होतात. केंद्रीय विद्यालयात त्याच वर्षी ती पहिलीसाठी लहान ठरते. तिला २०२७ पर्यंत थांबावं लागेल.

आता ही मुलगी राज्याच्या शाळेत पहिली करून २०२७ मध्ये केंद्रीय विद्यालयाच्या दुसरीत जायचं म्हणाली, तर तिथे दुसरीलाही वयाची अट आडवी येते. तिला पुन्हा पहिलीत बसावं लागतं. 'वर्ष वाया गेलं' म्हणून घरात भांडण होतं. म्हणून मुलाचा जन्म एप्रिल ते डिसेंबरचा असेल आणि पुढे केंद्रीय विद्यालयाचा विचार असेल, तर बालवाडीतच हिशेब करा. एक वर्ष उशिरा पहिलीत जाण्यात लेकराचं काही बिघडत नाही. सहा वर्षांच्या मुलाला लिहिणं पाच वर्षांच्यापेक्षा सोपं जातं. उलट दिशेने, केंद्रीय विद्यालयातून राज्याच्या शाळेत येताना, ही अडचण सहसा येत नाही.

दाखला अडकला तर

जुन्या शाळेतून दाखला यायला उशीर होतो. कधी फी बाकी असते, कधी बाबू रजेवर असतो, कधी पोस्टात हरवतो. कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. दाखला उशिरा आला म्हणून हक्काच्या शाळेने प्रवेश लांबवायचा किंवा नाकारायचा नाही, आणि दाखला द्यायला मुद्दाम उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होऊ शकते. मागच्या वर्गाची गुणपत्रिका आणि आधार दाखवून मूल वर्गात बसवा, दाखला मागाहून आणून देतो असं लेखी द्या. मुख्याध्यापक ऐकत नसतील तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. महापालिकेच्या हद्दीत महापालिकेचा शिक्षण विभाग. अर्ज हातोहात देऊन पोच घ्या. पोच मागितली की बहुतेक वेळा काम तिथेच होतं.

दाखला हाती आला तरी दुसरी गाठ असते, संगणकातली. देशभरातल्या शाळांची मुलं युडायस प्लस या प्रणालीत नोंदलेली असतात आणि प्रत्येक मुलाला कायमचा शिक्षण क्रमांक असतो. शिधापत्रिकेवरचं नाव आठवा. जुन्या गावच्या कार्डातून नाव कमी झाल्याशिवाय नव्या कार्डात चढत नाही. इथेही जुन्या शाळेने मुलाला 'शाळा सोडली' म्हणून बाहेर काढलं तरच नव्या शाळेला ते आपल्याकडे ओढून घेता येतं. जुन्या शाळेने दाखला तर दिला पण संगणकावरची नोंद तशीच ठेवली, तर मूल वर्गात बसतं, हजेरी लागते, आणि सरकारी यादीत मात्र ते जोधपूरलाच असतं. पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जात हे उघडं पडतं.

उपाय सोपा आहे, पण तो ठाणं सोडण्याआधी करावा लागतो. दाखला घेताना त्यावर किंवा गुणपत्रिकेवर मुलाचा हा क्रमांक लिहून घ्या, आणि 'नोंद सोडली का?' एवढं लिपिकाला त्याच्यासमोर बसून विचारा. हजार किलोमीटरवरून फोनवर हेच काम करायला महिना जातो.

नाव एक, तऱ्हा चार

मराठवाड्याच्या जवानांना ही अडचण हमखास येते. आपल्याकडे शाळेत नाव लिहितात 'आदित्य बालाजी जाधव'. सेवा पुस्तिकेत तेच नाव बऱ्याचदा आडनावापासून सुरू होतं, 'जाधव आदित्य बालाजी'. उत्तरेतल्या शाळेत मुलाचं नाव नुसतं 'आदित्य जाधव' लागतं, बापाचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर चौथीच तऱ्हा, आणि इंग्रजीत कुठे 'आदित्य' ला एक 'ए' तर कुठे दोन.

इथल्या शाळेत प्रवेश घेताना लिपिक समोरच्या कागदावर जे दिसेल ते जनरल रजिस्टरमध्ये उतरवतो. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचं ते मोठं जाडजूड वहीसारखं पुस्तक, ज्यातली नोंद मूल शाळेत असेपर्यंत बदलता येते. शाळा सोडल्यावर तिथलं नाव, जन्मतारीख किंवा जात बदलणं फार किचकट होतं. म्हणून प्रवेशाच्या दिवशी त्या नोंदीची ओळ स्वतः वाचा, बोट ठेवून वाचा. जन्म प्रमाणपत्र, आधार आणि युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमधलं नाव यांचा मेळ आधी घाला. पार्ट टू ऑर्डर म्हणजे जवानाच्या घरातली लग्न, जन्म ही नोंद युनिटच्या दप्तरी चढवणारा आदेश. मुलाचं नाव तिथे नसेल किंवा चुकलेलं असेल तर शिक्षण भत्ता अडतो, अवलंबितांचं ओळखपत्र अडतं, आणि पुढे सैनिकांच्या मुलांसाठीच्या जागेवरचा दावाही अडतो.

नववीपासून गणित वेगळं

आठवीपर्यंत कायद्याचं छत्र आहे. नववीपासून ते उरत नाही, आणि त्यात मंडळाचे नियम आडवे येतात.

नववी आणि दहावी हा एकच दोन वर्षांचा तुकडा समजा. अकरावी आणि बारावी दुसरा. सीबीएसईमध्ये विद्यार्थ्याची नोंदणी नववीत होते. दहावीत प्रवेश हवा तर नववी सीबीएसईच्याच शाळेतून झालेली लागते आणि शाळा बदलायला पालकांच्या बदलीसारखं कारण, त्याचा कागद आणि मंडळाची मान्यता लागते. राज्य मंडळातून नववी करून थेट सीबीएसईच्या दहावीत जाता येत नाही. म्हणून मूल आठवीत असतानाच ठरवा, पुढची दोन वर्षं कोणत्या मंडळात काढायची.

बदली मधेच आली तर? दोन मार्ग असतात. दोन्ही गावांत केंद्रीय विद्यालय असेल तर त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग तोच, कारण मंडळ, पुस्तकं आणि विषय सारखे राहतात. नसेल तर कुटुंब जुन्या ठिकाणीच ठेवा. दहावी-बारावीच्या मुलांसाठी क्वार्टर काही काळ ठेवून घेण्याचा अर्ज युनिटमार्फत करता येतो. तो हुकूम आल्या आल्या करायचा असतो, सामान बांधल्यावर नाही. आमचं मत विचाराल तर, दहावीच्या वर्षात पोराला हलवण्यापेक्षा आई आणि मूल दहा महिने मागे राहिलेलं परवडतं.

अकरावीसाठी महाराष्ट्रात २०२५-२६ पासून राज्यभर केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सुरू झाला. त्यात आजी-माजी सैनिकांच्या आणि बदलीने आलेल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे आडवं. जातीच्या प्रवर्गाच्या आतच काही जागा या मुलांना दिल्या जातात. फॉर्म भरताना ही खूण केली नाही तर नंतर दावा चालत नाही. आणि खूण केली पण प्रमाणपत्र जोडलं नाही, तर मिळालेला प्रवेशही पडताळणीत रद्द होतो.

बाप सीमेवर, घर गावात

कुटुंब नेता येत नाही अशा ठाण्यावर किंवा नक्षलग्रस्त भागात बदली झाली, तर कुटुंबाला आपल्या पसंतीच्या गावी ठेवता येतं आणि केंद्रीय विद्यालयाचा दाखला असलेल्या मुलाला त्या गावच्या केंद्रीय विद्यालयात घेता येतं. बाप लेहला आणि पोरगी लातूरच्या केंद्रीय विद्यालयात, हे नियमात बसतं. युनिटने 'कुटुंब अमुक गावी राहणार आहे' असं लिहून देणं मात्र गरजेचं.

पण अनेक गावांपासून केंद्रीय विद्यालय साठ-सत्तर किलोमीटर असतं. मग जिल्हा परिषदेची शाळा आहे आणि तिच्याकडे नाक मुरडू नका. मराठवाड्याचं एक वेगळेपण इथे कामी येतं. उरलेल्या महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक सातवी-आठवीला संपतात. आपल्याकडे निजामाच्या काळातली सरकारी हायस्कुलं पुढे जिल्हा परिषदेकडे आली, म्हणून तालुक्याच्या गावी 'जिल्हा परिषद प्रशाला' दहावीपर्यंत असते. नववीला फी भरून खासगीत जाण्याची सक्ती पडत नाही.

गावात राहण्याचा दुसरा फायदा नवोदयचा. मराठवाड्यात कन्नड, अंबड, गढी, तुळजापूर, शंकरनगर, वसमत इथे आणि लातूर जिल्ह्यात नवोदय विद्यालयं आहेत. सहावीत प्रवेश, राहणं-जेवण-शिक्षण सगळं मोफत, सीबीएसई. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. अट अशी, की मूल पाचवी त्याच जिल्ह्यात शिकत असलं पाहिजे, आणि ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत झालेली हवीत. छावणीत, म्हणजे शहरात, चौथी केली आणि पाचवीला गावी आलं, तर ग्रामीण जागेवरचा हक्क गेला. परीक्षा ८० प्रश्नांची, १०० गुणांची, दोन तासांची, मराठीतही देता येते. संधी आयुष्यात एकदाच.

सैनिक, सैनिकी, मिलिटरी: नावांचा घोळ

सैनिक स्कूल संरक्षण मंत्रालयाच्या छत्राखाली चालतात. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्याला सुरू झालं, महाराष्ट्रात दुसरं चंद्रपूरला आहे. सहावी आणि नववीला प्रवेश, अखिल भारतीय परीक्षेतून. सहावीसाठी वय ३१ मार्चला १० ते १२, नववीसाठी १३ ते १५. सहावीचा पेपर ३०० गुणांचा आणि त्यातले १५० एकट्या गणिताचे. उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सहावीचा पेपर मराठीत घेता येतो, नववीचा फक्त इंग्रजीत. सामाजिक आरक्षणाच्या जागा वगळून उरलेल्या जागांपैकी २५ टक्के आजी-माजी सैनिकांच्या मुलांच्या. मुलींनाही प्रवेश आहे.

'सैनिकी शाळा' हे वेगळं प्रकरण. प्रत्येक जिल्ह्यात एक या धोरणातून राज्य सरकारने मान्यता दिलेल्या, खासगी संस्थांनी चालवलेल्या निवासी शाळा. राष्ट्रीय मिलिटरी स्कूल देशात पाच, आपल्याला जवळचं बेळगावचं. या तिन्हींपैकी कुठलीही शाळा केवळ बदली झाली म्हणून मुलाला मधल्या वर्गात घेत नाही. त्यामुळे बदलीचा प्रश्न सोडवायला त्यांचा उपयोग नाही. बदल्यांपासून कायमचं सुटायला मात्र आहे.

संभाजीनगरातच १९७७ पासून राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. दहावीनंतर मुलांना निवडून ती दोन वर्षं एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करून घेते. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला आहे. दहावीच्या वर्षातच तिच्या प्रवेश परीक्षेची जाहिरात बघायला लागा.

'पण पोराला मराठी वाचता येत नाही'

घरात मराठी बोलतं, पण शिकलं हिंदी-इंग्रजीत, असं मूल राज्याच्या शाळेत आलं की आईला धडकी भरते. देवनागरी त्याला येते, म्हणून वाचन महिन्या-दोन महिन्यांत सुटतं. अडतं ते गणितात. वर्गातल्या कुणाहून कच्चं नसलेलं पोर 'अपूर्णांकाचा छेद सांगा' म्हटल्यावर गप्प बसतं, कारण त्याने हे सगळं 'फ्रॅक्शन' आणि 'डिनॉमिनेटर' म्हणून शिकलेलं असतं. दोन कोऱ्या पानांवर समोरासमोर शब्द लिहून द्या: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, अंश, छेद, लसावि, मसावि, परिमिती, क्षेत्रफळ. जूनमध्ये हे दहा-वीस शब्द पक्के झाले की दिवाळीपर्यंत पोर मार्गी लागतं. सेमी-इंग्रजी वर्ग असेल तर हे कष्ट आणखी कमी.

राज्यात सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं २०२० च्या कायद्याने सक्तीचं झालं आहे. परराज्यातून आलेल्या सहकाऱ्याचं मूल मोठ्या वर्गात दाखल होत असेल, तर मराठीच्या मूल्यमापनाचं काय करणार हे शाळेकडून प्रवेशावेळीच लिहून घ्यायला त्यांना सांगा.

पैशांचा हिशेब

हक्काच्या सरकारी शाळेत आठवीपर्यंत फी नाही. केंद्रीय विद्यालयात प्रवेश शुल्क २५ रुपये आणि विद्यालय विकास निधी महिना ५०० रुपये. केंद्राच्या सेवेतल्या पालकाला दोन मुलांपर्यंत शिक्षण भत्ता मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो दरमहा प्रति मूल २,८१२.५० रुपये आहे, वसतिगृहात ठेवलं तर अनुदान ८,४३७.५० रुपये, दिव्यांग मुलासाठी भत्ता दुप्पट. शिक्षणाचा प्रत्यक्ष खर्च कितीही झाला तरी भत्त्याची रक्कम तीच.

भत्ता वर्ष संपल्यावर मिळतो आणि त्याला मुख्याध्यापकाचं प्रमाणपत्र लागतं, मूल त्या वर्षात इथे शिकलं असं सांगणारं. वर्षाच्या मधे बदली झाली तर दोन शाळांची दोन प्रमाणपत्रं लागतात, आणि पहिलं नेहमी राहून जातं. म्हणून ठाणं सोडायच्या दिवशी शाळेतून चार कागद एकदम घ्या: दाखला, गुणपत्रिका, मुलाचा कायमचा शिक्षण क्रमांक लिहिलेला कागद आणि एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतचं हे प्रमाणपत्र. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा, आणि मूळ कागद ट्रंकेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. ट्रंका मालगाडीने मागून येतात, आणि शाळेचा लिपिक दुसऱ्याच दिवशी कागद मागतो.